ओट्यावर भिंत घालू नये

मी, बाबाराव कोंडबा भवरे, वय बहात्तर, एसटी आगारातून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार मौजे बोरटाकळी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कान थोडे कमी झालेत, पण पंचाची शिट्टी अजून ऐकू येते. कोणी दटावले किंवा गोड बोलले म्हणून मी हे लिहीत नाही. पत्नी इंदूबाई आधीच गेली. मुलगा संघदीप आणि मुलगी मोनाली, एवढेच माझे वारस.

कलम १. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी. मोनाली "मले काही नको" म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम २. शेत संघदीपचे, कारण राबतो तो. त्याबदल्यात दरसाल मोनालीला तिच्या सासरी, कळंबला, तुरीची डाळ पोचती करावी. कंडक्टरच्या हाती पाठवू नये, स्वतः न्यावी आणि जेवून यावे.

कलम ३. पान्यांची पेटी संघदीपची मुलगी अर्पिता हिला. सायकलची चेन तीच बसवते, बाप नुसती हवा भरतो. रामलाल पंचाला माझ्या इस्टेटीतून काहीही मिळणार नाही. कबड्डीच्या सामन्यात त्याने एकदा चांगली झालेली पकड बाद दिली होती. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार म्हणून चालतो, म्हणून त्याला बोलावले आहे.

कलम ४. घर दोघांचे. खोल्या कशाही वाटून घ्याव्या, पण मैदानाकडचा ओटा वाटू नये आणि त्यावर भिंत घालू नये. कारण लिहितो.

आमच्या गावात कबड्डीच्या स्पर्धा भरतात तेव्हा बाहेरगावचे संघ घराघरांत जेवायला वाटून देतात. आमच्या घरचा नियम इंदूबाईने घातला होता: जो संघ आपल्या घरी जेवला, त्याच्यासाठी ओरडायचे. समोर आपले गाव असले तरी. पोरे लहान असताना मी दोघांना मांडीजवळ घेऊन या ओट्यावर बसायचो. मी त्यांना सांगायचो, चढाई करणाऱ्याकडे सगळेच पाहतात, तुम्ही पकडणाऱ्याकडे पाहा. फुटाणे खात, गळा बसेपर्यंत ओरडत आम्ही तिघांनी जे दिवस काढले, त्याहून मोठे सुख मला मिळालेले नाही.

चार वर्षांपूर्वी केळापूरचा संघ आमच्याकडे जेवला आणि अंतिम सामना पडला आमच्याच गावाशी. संघदीप उजव्या कोपऱ्यावर खेळत होता. घोटा धरायच्या आधी त्याचा खांदा हालतो, हे मोनालीला लहानपणापासून ठाऊक. शेवटच्या चढाईला ती ओट्यावर उभी राहून ओरडली, "खांदा पाहा त्याचा! हालला का उडी मार!" केळापूरच्या पोराने उडी मारली, रेषा गाठली आणि सामना नेला.

गाव हसले. तेव्हापासून संघदीप बहिणीशी बोलत नाही. ओट्याच्या मधोमध भिंत घालतो म्हणून त्याने विटाही आणून टाकल्या. भिंत झाली तर ही भावंडे पुन्हा एका जागी बसायची नाहीत, एवढीच मला धास्ती आहे. बाकी मी सुखी आहे.

कलम ५. माझ्या मागे साधी बुद्धवंदना घ्यावी. तेव्हा स्पर्धा चालू असतील तर त्या थांबवू नयेत.

ताजा कलम. आज दोघांना बोलावून हे वाचून दाखवले. संघदीप मोनालीकडे न पाहता म्हणाला, "बाबा, हे बी लिहा, का हिनं घरचा भेद बाहेर सांगतला."

"भेद कायचा? पाव्हणे आपल्या घरी जेवलते," मोनाली म्हणाली. "अन् तुले कितीकदा सांगतलं होतं, खांदा हालवू नको."

"मी हालवलाच नाही!" हे तो तिला म्हणाला. थेट तिला, चार वर्षांनी. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी चष्मा पुसत बसलो.

"हालवला. बाबा, सांगा याले."

"बाबाले काहून इचारतं? चाल बाहेर, दाखवतो!"

आता खिडकीतून पाहतो आहे. संघदीप ओट्यावर वाकून उभा आहे, मोनाली पदर खोचून चढाईला आली आहे आणि अर्पिता आत्यासाठी ओरडते आहे. खांदा हालला. मी पाहिला. मोनालीने उडी मारली, तरी त्याने घोटा धरला आणि दोघे हसत खाली पडले.

कलम ४ तरीही कायम आहे. सही करतो आणि बाहेर जाऊन बसतो.

लिहून देणार: बाबाराव कोंडबा भवरे (सही)

आमच्यादेखत सही केली, त्या वेळी ते शुद्धीवर होते व हसत होते:
१. उकंडा लक्ष्मण पवार, शेजारी (सही)
२. रामलाल जाधव, पंच (सही. ती पकड बादच होती.)

ठिकाण: बोरटाकळी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५