भिंतीवर चढवलेलं पाणी

११ डिसेंबर

आधी कबूल करून टाकतो. आज मी एका भिंतीवर खोटं पाणी चढवलं.

आता सुरुवातीपासून. परवा जयसिंगपूरहून चेन्नईत आलो. बारावीला दोनदा आपटल्यावर बाबा माझ्याशी फक्त आईमार्फत बोलायचे. शेवटी कृष्णकांतकाकांनी, ते इथे रेल्वेत आहेत, काम बघून दिलं. तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये खोलीही मिळाली. मॅन्शन म्हटल्यावर मी गावात सगळ्यांना हवेली सांगून आलो होतो. इथे मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांचं लॉज. एक खाट, एक खिडकी, आणि दोरीवर आधीच्या माणसाची विसरलेली बनियन. पण समुद्र चालत गाठता येतो आणि खालच्या मेसमधली इडली इतकी मऊ की चावायला लाज वाटते. एकंदर मजेत आहे.

काम असं. गेल्या आठवड्यात इथे वादळ झालं, निम्मं शहर पाण्यात होतं. ज्यांनी घराचा विमा काढलाय ते आता भरपाई मागतायत, आणि खरंच काय बुडालं ते बघायला कंपनी सर्व्हेअर पाठवते. आमचे सर्व्हेअर गुरुमूर्ती सर. मी त्यांचे फोटो काढणार आणि टेपचं दुसरं टोक धरणार. सर तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं इतिहासाच्या पुस्तकातला कुणीतरी उठून फ्रिजबद्दल बोलतोय. मला बघून म्हणाले, तुज नाव हेरंब, पण लक्षण त्याच्या उंदराचं. मी म्हटलं, सर, मग मोदकाचं कसं करायचं. हसले नाहीत. पण कॉफी पाजली.

पूर ओसरला की भिंतीवर तपकिरी रेघ राहते. रेघेच्या खालचं सगळं बुडालं, वरचं नाही. माणसाला विचारू नक्को, भिंतीला विचार, असं सरांचं म्हणणं. प्रत्येक घरात लोक हात पसरून एकच सांगतात, एल्लाम पोच्चु. सगळं गेलं. माझं पहिलं तमिळ हेच.

वेळच्चेरीत कार्तिकेय म्हणून एकाचं घर होतं. आम्ही दारात पोचलो तेव्हा आत टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. बेल वाजली आणि टीव्ही बंद झाला. मग आम्हाला सांगितलं की टीव्हीसुद्धा पोच्चु. रेघ गुडघ्याएवढी, टीव्ही भिंतीवर छातीएवढा. सर व्हरांड्यात फोनवर होते. मला काय सुचलं कुणास ठाऊक. करवंटीत अंगणातला गाळ घेतला, त्यात उरलेला चहा ओतला, आणि स्पंजने टीव्हीच्या वरून एक झकास रेघ मारली. खालची पुसून टाकली. कार्तिकेयचं तोंड बघण्यासारखं होतं. सरांनी टेप लावली, लिहून घेतलं, पुढच्या घरी चला.

कुणाचं काय वाकडं झालं? कंपनीला टीव्ही जड नाही.

१३ डिसेंबर

आजचं घर आवडलं. तळमजल्यावर दोन खोल्या, दारात रांगोळी. एकोजी अप्पा बँकेत कारकून होते. बायको भवानी अम्मा कमरेखालून हलत नाही, दोन वर्षं खाटेवरच. मूलबाळ नाही. तेही तंजावरचेच मराठी, म्हणून सरांनी विचारायचं काम मला दिलं. मी विचारलं, काय काय गेलं? अप्पा म्हणाले, फ्रिज गेला. मिक्सर गेला. गादी गेली.

इथे सर अडले. अम्माची गादी साधी नाही, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवा भरायची, महाग असते ती. ओल लागून तिची शिवण उसवली होती. पण रेघ खाटेच्या खाली. गादी येत नाही, सर म्हणाले. तेवढ्यात त्यांना दुसरीकडून फोन आला. टेप न लावताच निघाले, मला म्हणाले, उद्या तू येऊन मोजून, फोटो काढून जा.

अम्मा भारी बाई. वादळाची गोष्ट सांगत होती. पाणी आलं तेव्हा अप्पा रात्रभर तिचा हात धरून गुडघाभर पाण्यात उभे होते. ती म्हणाली, मी म्हटलं यांना, मी काय होडी आहे, वाहून जाईन? अप्पा म्हणाले, तुझा काय भरवसा. हे बोलताना दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, दोघं हसत होते. मला विचारलं, जेवण जाला? नाही म्हटल्यावर खाटेवरूनच अप्पांना हुकूम सोडून मला उपमा खायला लावला.

१४ डिसेंबर

गेलो. मोजायला गेलो होतो, करवंटी घेऊन बसलो.

अम्माला सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल. ती म्हणाली, वानरा, तुज आईस ठाऊक आहे काय हे? आणि मग स्वतःच सांगायला लागली. अजून वर घे, कण्णा. गादी बुडली पाहिजे की नाही? नुसती कड भिजवून कोण देणार. मी गादीच्या वर वीतभर रेघ ओढली. तिच्या उशीच्याही वरून गेली. तिने मान वळवून बघितलं आणि म्हणाली, आता मी बुडाले. इतकी हसली की खोकला आला. अप्पा भाजी आणायला गेले होते. त्यांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं, ते खोटं बोलताना लाल होतात म्हणे.

फोटो काढला. रेघ, खाट, खाटेवर हसणारी अम्मा. सरांना आकडा कळवला.

१७ डिसेंबर

कार्तिकेयचा टीव्ही कंपनीने दुरुस्तीवाल्याकडे उघडायला पाठवला होता. मला वाटलं आता माझी चोरी पकडली. सर मला घेऊन गेले. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं.

आत गाळ. नुसता शिंतोडा नाही, ठासून भरलेला. त्यात बोटाएवढी मासोळी, सुकलेली.

सर म्हणाले, रेघ बरोबर होती. मी कार्तिकेयला बाजूला घेऊन विचारलं, चालू होता ना हा, क्रिकेट बघत होतात ना? तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. म्हणाला, तंबी, पाणी छातीपर्यंत होतं, तूच तर फोटो काढलास.

मी हसलो. मग बसमध्ये बसलो आणि मला अम्माची उशी आठवली.

१८ डिसेंबर

सकाळीच गेलो. दारात रांगोळी नव्हती.

खाट रिकामी. वर नुसत्या पट्ट्या. भिंतीवर तिचा फोटो, हार घातलेला, आणि हार आजचा नव्हता. सुकून काळा पडला होता.

अप्पा मला ओळखत होते, पण विम्याचा मुलगा म्हणूनच.  तोंडातून तेच निघालं जे रोज विचारतो. काय काय गेलं?

अप्पा म्हणाले, फ्रिज गेला. मिक्सर गेला. गादी गेली. भवानी गेली.

एकाच आवाजात. तमिळमध्ये वस्तूला पोच्चु म्हणतात, माणसाला असं म्हणत नाहीत, माणसासाठी मानाचा वेगळा शब्द आहे. आपल्यात एकच. मिक्सर पण गेला, बायको पण गेली.

पाणी कमरेच्या वर आलं, ते सांगत होते. त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी वर धरलं होतं. हाका मारल्या, वाऱ्यात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. पहाटेपर्यंत धरलं. मग हातांत काही राहिलं नाही.

मला म्हणाले, तू लिहून घेत नाहीस?

१९ डिसेंबर

फोटो बघितला. रेघ आहे. खाट आहे. खाटेवर ओली गादी. बाकी काही नाही.

शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, अम्मा वादळातच गेली, सगळी गल्ली होती तिला पोचवायला. तू कुठल्या अम्माशी बोललास?

उपमा कुणी खायला लावला मग. मला वानर कोण म्हणालं.

२० डिसेंबर

रेघ पुसायला गेलो. अप्पांना सांगितलं, कंपनीचं काम आहे. काथ्याने घासली, भांड्याच्या पावडरीने घासली. गेली. भिंत पांढरी. मी तिथेच बसून रडलो, बरं वाटून.

भिंत वाळली तशी ती परत आली. त्याच जागी.

खाटेच्या खाली दुसरी रेघ ओढून बघितली. राहिली नाही, ओघळून गेली. चढवलेलं पाणी उतरत नाही.

अप्पा दारात उभे राहून बघत होते. किती वेळ, माहीत नाही. मी सगळं सांगून टाकलं. करवंटी, चहा, तिने मान वळवली ते. वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, म्हणजे वादळानंतर ती इथेच होती?

मी म्हटलं, होती.

मजजवळ?

हो. तुमच्याजवळ.

ते म्हणाले, मला आठवत नाही रे. सांग. काय बोलली ते सांग.

२१ डिसेंबर

परत सांगितलं. होडी आहे काय मी, वाहून जाईन, हे त्यांना तीनदा ऐकायचं होतं. तुम्ही म्हणालात तुझा काय भरवसा, असं सांगितल्यावर म्हणाले, असं म्हणालो मी? बरं म्हणालो.

ते जेवत नाहीत. मी इडल्या नेल्या होत्या, तशाच.

निघताना माझा हात धरला. म्हणाले, तुज रेघ खरी होते. मजसाठी एक ओढ.

मी पळालो.

२२ डिसेंबर

सेंट्रलवर बॅग घेऊन बसलोय. गाडी लागली. चढलो नाही.

काकांना फोन केला आणि विचारलं, तुमचं घर बुडलं नव्हतं ना? म्हणाले, नाही, का? मी म्हटलं, असंच. आवाज ऐकायचा होता.

सरांना सांगायला गेलो होतो. सांगितलं नाही. त्यांना कळलं तर — कुणाला पण कळलं तर — उद्या कुणीतरी येईल, म्हणेल त्या भाऊबंदाच्या घरी एक रेघ —

२३ डिसेंबर

अप्पांकडे.

भिंतीला पाठ लावून उभे आहेत, खाटेच्या उशीकडच्या बाजूला. लहान मुलाची उंची मोजतात तसे. धुतलेली वेष्टी नेसलेत. गाळ त्यांनीच कालवून ठेवला होता.

मी नाही म्हटलं. खूपदा म्हटलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, माझे हात सुटले हेरंब, ती गेली आणि मी उभाच राहिलो. पाणी मजवरून गेलं असतं तर हात सुटले तरी चाललं असतं. तू गादीवर एक वीत घेऊन थांबलास. पुरी कर.

एक वीत.

मग म्हणाले, तू रडू नक्को. तिला सांगेन वानर भला आहे.

२३, अजून तिथेच

स्टुलावर उभा आहे. डोक्याच्या वर हात पोचतो. निम्मी ओढून झाली. डायरी डाव्या हातात धरून लिहितोय, कारण पुढची ओढली की कुणालाच काही आठवणार नाही, फक्त मला —

भिंत ओली लागतेय. मी अजून स्पंज लावला नाही त्या बाजूला पण.

अप्पांनी हात खाटेवर ठेवलाय. रिकाम्या पट्ट्यांवर नाही. काहीतरी धरल्यासारखा.

थांबू नक्को म्हणाले.

तुम्ही जे कोण वाचताय, पाया पडतो. कुणाला सांगू नका की एकोजी अप्पा वाचले होते. हे मागचे दिवस ते एकटे होते हे कुणाला सांगू नका. सरांना नाही, काकांना नाही. गल्लीत विचारलंत तर लोक सांगतील की पाणी आलं तेव्हा दोघं घरात होते, आणि सकाळी दार उघडलं तेव्हा दोघांचे हात एकमेकांच्या —