मार्च चौसष्टची चार गाणी

शिकागो
मंगळवार, १२ एप्रिल १९८८

होझिया लकेट यास,

शुक्रवारपर्यंत मला एका कागदावर सही करायची आहे. ती करावी की नाही हे तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, म्हणून हे पत्र. एरवी लिहिलं नसतं. बावीस वर्षांत लिहिलं नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

तू बरा असशील. मी बरी आहे, गुडघे सोडून. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. घर तेच, पत्ता तोच. तू गॅरीतल्या एका शाळेत बॉयलर सांभाळतोस असं ऐकलं. नोकरी चांगली आहे. इतकी विचारपूस पुरे.

क्लिओफसच्या सगळ्या रेकॉर्ड एकत्र करून पुन्हा काढायचं एका कंपनीने ठरवलं आहे. त्यांच्या वतीने मिस्टर ग्रेली नावाचे एक टक्कल पडलेले गृहस्थ आले होते. माझ्या हातचं पीच कॉबलर त्यांनी दोनदा मागून खाल्लं आणि माझ्या भावाला सारखं ‘डीकन, डीकन’ म्हणत राहिले, जणू हे त्याच्या बॅंडमध्ये ढोल वाहायला होते. अकरा रेकॉर्ड, बावीस गाणी, हे मला माहीत होतं. त्याशिवाय त्यांच्याकडे एक टेप आहे, आजवर कोणी न ऐकलेली. मार्च १९६४ची, चार गाण्यांची. कुठून आली, असं मी विचारलं. म्हणाले, “गॅरीहून. एका हितचिंतकाने पाठवली, नाव नाही.”

गॅरीत राहणारा, क्लिओफसला ओळखणारा मला एकच जिवंत माणूस माहीत आहे.

सहीच्या कागदावर असं लिहिलं आहे: ‘सदर टेपमधील गायन व माउथ ऑर्गनवादन माझे दिवंगत बंधू क्लिओफस ऊर्फ डीकन टार्व्हर यांचेच आहे.’ पुस्तिकेत ते या चार गाण्यांना त्याच्या वादनाचा कळस म्हणणार आहेत. तो मजकूरही त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला.

मग टेप लावली. तीन गाणी मी निमूट ऐकली. चौथं सुरू होतं आणि मोडतं. कोणीतरी हसतं, क्लिओफस ‘परत’ म्हणतो आणि गाणं नव्याने सुरू होतं. ग्रेली म्हणाले, “गिटारवाल्याने तार चुकवली बहुतेक. पण किती जिवंत चूक! आम्ही ती तशीच ठेवणार.” मी ती जागा पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी हळू आवाजात विचारलं, “रडू येतंय का, मिस टार्व्हर?”

“नाही,” मी म्हटलं. “मोजते आहे.”

गिटार चुकलेली नाही. बाजाचा, म्हणजे माउथ ऑर्गनचा, लांब सूर चालू असतानाच क्लिओफस गायला लागतो. पुरा एक शब्द आणि दुसऱ्याचा अर्धा. होझिया, देवाने माझ्या भावाला एकच तोंड दिलं होतं. आणि त्या काळी त्या स्टुडिओत सगळे एका खोलीत एकाच वेळी वाजवायचे, मागाहून काही चिकटवायची सोय नव्हती, हे ग्रेलींनीच मला अर्ध्या तासापूर्वी समजावलं होतं.

ते गेल्यावर मी सगळ्या रेकॉर्ड काढल्या. मुलांनी वाचताना श्वास कुठे घेतला, हे ऐकण्यात माझी चाळीस वर्षं गेली. लाल पेन्सिल घेऊन बसले. एक्कावन्नची पहिली रेकॉर्ड, फर्निचरच्या दुकानामागे केलेली: ओळ संपते, तो थांबतो, श्वास घेतो, मग बाजा तोंडाला लावतो. मिसिसिपीत आईच्या घराच्या पायऱ्यांवर हे मीच त्याला शिकवलं होतं. पंचावन्नचं गाणं, ज्याने उन्हाळाभर प्रत्येक खानावळीतला ज्यूकबॉक्स अडवून धरला होता: सूर लांब, भरलेले. एकोणसाठ: सूर तोकडे, मध्येच तुटणारे. तुम्ही लोक त्याला नवी शैली म्हणायचात. आणि मग चौसष्ट: पंचविशीतल्या माणसाचा दम. क्लिओफस तेव्हा चाळिशीचा होता आणि वीस वर्षं लोखंडाच्या भट्टीवर घालवलेला.

पंचविशीतला कोण होता, ते तू सांग.

मला उत्तर हवं आहे, समजूत नको. तो बाजा तू वाजवलास का? त्याला कळून, की त्याच्या पाठीमागे? तो गेल्यावर कोणीतरी बसून जोडकाम केलं का? आणि आता ही टेप पाठवून काय साधायचं आहे? कंपनीने त्याचं नाव छापावं, मी सही करावी आणि मग कोणीतरी उभं राहून म्हणावं, म्हातारीला भावाचा बाजा ओळखता येत नाही, असा बेत आहे का?

तुझ्याबद्दल मी असा विचार का करते, याचं कारण तुला माहीत आहे. अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवणं चालली असताना मी जे बोलले ते सगळ्यांच्या देखत बोलले. त्याच्या बाजांची पेटी गेली होती. शेवटच्या आठवड्यात त्याच्या खोलीत जाणारा माझ्याशिवाय तूच होतास. तू ताट खाली ठेवलंस आणि निघून गेलास. खरा असतास तर बोलला असतास, असं मी तेव्हा म्हटलं.

त्या पेटीबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

गुरुवार, १४ एप्रिल

वरचं पत्र परवाच टाकायचं होतं. पाकीट चिकटवलं होतं, ते कात्रीने उघडलं.

दुसरा साक्षीदार तपासल्याशिवाय कोणाला दोषी ठरवायचं नाही, इतकं तरी मी कॉलेजात शिकले होते. पासष्ट साली त्या तळघरात विसरले. म्हणून काल दुपारी एल्मोला गाठलं. तुमच्या बॅंडमधला ड्रमवाला एल्मो अजून आहे. रोज बाराला चर्चच्या भोजनगृहात जेवतो आणि तीनपर्यंत डॉमिनो खेळतो. मला दारात पाहून टेबलावरच्यांना म्हणाला, “आली बघा लाल पेन्सिल. सोंगट्या झाका रे, मार्क कापले जातील.”

“एल्मो, मार्च चौसष्ट. बाजा कोण वाजवत होतं?”

त्याने हातातली सोंगटी उपडी ठेवली. “बसा तरी. मक्याचा पाव घ्या, गरम आहे.”

“मी जेवून आले.”

“तुम्ही कुठेही जेवूनच येता, मिस ऑझेला. म्हणून कोणी तुम्हाला काही वाढायला धजत नाही.”

बाकीचे हसले. त्याने त्यांना हाताने दूर केलं. मी सरळ विचारलं, होझियाने टेप का पाठवली?

“होझीने? तो स्वतःच्या आईला वाढदिवसाचं कार्ड पाठवत नसे. टेप मी पाठवली. चोवीस वर्षं माझ्या पलंगाखाली होती. माझी पोरगी गॅरीत राहते, तिने टपालात टाकली.”

“कशासाठी?”

“डॉक्टरला माझं हृदय पसंत नाही. म्हटलं, जायच्या आधी निदान तुम्ही ऐकावं. तुमच्या कानांतून काही निसटत नाही.”

“मग तोंडाने सांगायचं होतंस.”

“सांगणार नाही असा मी डीकनला शब्द दिलाय. ऐकवणार नाही असा दिला नव्हता.”

पुढचं त्याने सांगितलं ते असं. ते सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी ते बरोबर ऐकलं का, हे तुझ्याकडून कळायला हवं.

क्लिओफसला गाता येत होतं. श्वास बाहेर सोडायला त्रास नव्हता. पण या बाजाचे निम्मे सूर श्वास आत ओढून काढायचे असतात, आणि तुमच्या गाण्यांत तर बहुतेक तसेच. आत ओढला की खोकला, आणि खोकल्याबरोबर रक्त. त्या सकाळी दहा वाजता स्टुडिओत त्याने पहिला सूर ओढला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला. कंपनीला माउथ ऑर्गनवाला डीकन हवा होता, नुसता गाणारा नको होता. तू सामान उचलायला आला होतास. त्याने बाजा स्वतःच्या रुमालाने पुसला आणि तुझ्या हातात दिला. म्हणाला, “माझं तोंड उघडायच्या आत तुझं मिटलं पाहिजे. मी टाच आपटली की सोड.”

“आणि काचेमागचा रेकॉर्डिंगवाला? त्याने पाहिलं नाही?” मी विचारलं.

“तो रेडिओवर घोड्यांची शर्यत ऐकत होता. शिवाय त्या गोऱ्याला आम्ही सगळे सारखेच दिसायचो.”

“चौथ्या गाण्यात होझी टाच विसरला,” मी म्हटलं.

“विसरला कसला! डोळे मिटून वाजवत होता. तो सूर त्याला सोडवेना. डीकनला हसू आवरेना. म्हणाला, ‘परत’. मिस ऑझेला, त्यानंतर मी डीकनला तसं हसताना पाहिलं नाही.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत कोणी? एल्मोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “तुम्ही त्याला काय सुनावलं होतंत, ते आठवा.”

मला आठवतं. त्याच वर्षीच्या जानेवारीत, माझ्याच टेबलावर, तो जेवत असताना मी म्हणाले होते, “ज्या दिवशी दम संपेल त्या दिवशी तो बाजा माझ्या हातात आणून दे आणि टपालखात्यातल्या नोकरीचा अर्ज भर.” त्याने जगावं म्हणून मी बोलले. त्याने ते वेगळं ऐकलं. किंवा मी म्हणाले तसंच ऐकलं.

“आणि होझी तळघरात गप्प का राहिला?”

“बोलला असता तर पेटी डीकनने त्याला का देऊ केली तेही सांगावं लागलं असतं. तो सुटला असता, डीकन अडकला असता.” मग एल्मोने सोंगटी उचलली. “त्यानंतर इथल्या एकाही क्लबने त्याला उभं केलं नाही. ते तुम्हाला माहीत असेलच.”

माहीत होतं.

एल्मो स्वतःचं वयही खरं सांगत नाही. म्हणून घरी येऊन पुन्हा तपासलं. ग्रेलींनी टेपची एक प्रत माझ्याकडे ठेवली आहे. जुन्या रेकॉर्डवर क्लिओफसचा पाय अखंड ताल धरतो. या चार गाण्यांत तसं नाही. इथे प्रत्येक ओळीच्या तोंडाशी टाचेचा एकच ठोका आहे आणि त्या ठोक्यावर बाजा तुटतो. मोडलेल्या गाण्यात ठोका पडतो, आणि सूर तसाच पुढे जातो. एल्मो खरं बोलला.

आता पेटी.

पेटी माझ्याकडे आहे. मे १९६९पासून आहे. माझ्या शिवणयंत्राच्या टेबलाच्या खालच्या खणात, कापड बेतायच्या कागदांखाली त्यानेच ठेवलेली होती. त्याच्या अंत्यविधीचा काळा पोशाख शिवल्यावर तोवर मी तो खण उघडलाच नव्हता. पेटीत त्याच्या हातची चिठ्ठी होती: ‘झेला, हे होझीचं. बाकी तो सांगेल.’

मी चिठ्ठी वाचली, खण बंद केला आणि रविवारी चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर जवळजवळ हजार रविवार तशीच बसले. ज्या माणसांसमोर तुला चोर म्हटलं त्यांच्यासमोर पुन्हा उभं राहावं लागलं असतं. माझी मान ताठ राहावी म्हणून मी तुझी खाली ठेवली. याला दुसरं नाव मला सापडलं नाही, आणि शब्द शोधणं हेच माझं काम होतं. शिवाय ‘बाकी’ काय असेल याची मला भीती वाटे. तुझ्यावर संशय घेत राहणं सोपं होतं. संशय घ्यायचा सोडला की खण उघडावा लागणार होता.

मी सही केलेली नाही. माझ्या हाताने दुसरा कागद लिहिला आहे, तो उद्या ग्रेलींना देणार. कळस हा शब्द त्यांनी खोडू नये, नाव बदलावं. त्यांना ते आवडलं नाही तर चार गाण्यांशिवाय रेकॉर्ड काढतील, पण खोट्या नावाने काढणार नाहीत. येत्या रविवारी प्रवचनाआधी मी उभी राहून चिठ्ठी वाचणार आहे. त्या तळघरातली एकोणीस माणसं अजून हयात आहेत, मी यादी केली. तू यावंस असं माझं म्हणणं नाही. आलास तर शेवटच्या बाकावर बसू नकोस.

तू हल्ली वाजवतोस का, हे एल्मोला माहीत नाही. मला विचारायचा हक्क नाही. विचारते आहे.

एल्मोची मुलगी शनिवारी सकाळी तुझ्याकडे येईल. पुढील वस्तू तिच्या हाती देत आहे:

पत्र्याची पेटी, कडी वाकलेली, ती आधीपासून वाकलेली होती. आत सात कप्पे. माउथ ऑर्गन सहा, एकेका पट्टीचा एक: ए, बी फ्लॅट, सी, ई, एफ, जी. सीच्या दोन पात्या निकामी. हातरुमाल एक, न धुतलेला. क्लिओफसची चिठ्ठी, मूळ, तिची प्रत मी रविवारसाठी ठेवली आहे. ग्रेलींना द्यायच्या कागदाची प्रत, त्यात असं लिहिलं आहे: ‘मार्च १९६४च्या चारही गाण्यांत गायन क्लिओफस टार्व्हर, माउथ ऑर्गन होझिया लकेट. हे मी स्वतः ऐकून लिहिते.’

सातवा कप्पा रिकामा आहे. डीचा बाजा मी ठेवून घेतला आहे. विसरलेला नाही आणि हरवलेलाही नाही. तू मागितलास की देईन. तोवर ही चोरी आहे, आणि तशी नोंद इथे केली आहे.

खाली सही करून एक प्रत परत पाठव. आली नाही तर पोचलं नाही असं धरून मी स्वतः घेऊन येईन.

देणार: ऑझेला टार्व्हर

घेणार, सर्व वस्तू मोजून, एक कमी: ____________