नावेतली बर्फाची पेटी

एप्रिल १९७२, मंगळवार, संध्याकाळ

टिकली. मासळी टिकली. एवढं लिहून मगच जेवायला बसतो.

धरणाच्या पलीकडच्या काठावरून इथं यायला नावेला अख्खा दिवस लागतो, आणि दरवेळी निम्मी मासळी उन्हानं वास मारते. याही खेपेला तसंच झालं असतं तर दादा नाव विकून साखर कारखान्यावर जाणार होता. म्हणून मी ही पेटी केली. आईची जुनी पत्र्याची ट्रंक लाकडी खोक्यात बसवली, मधल्या फटीत भुसा ठासला, आत राहुरीहून आणलेला बर्फ, वर ओलं गोणपाट. पण झाकण? ते नीट बसतच नव्हतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, तरी खात्री कुठं होती.

दुपारभर दादा त्या झाकणाकडे बघतच वल्हवत होता. "उघडून बघू का रं जरा?"

"नको दादा. गारवा निघून जाईल."

"आन् आत सडलं आसंल तर?"

मी गोणपाटावर पाणी शिंपडलं. धास्ती मलाही तीच होती.

काठावर व्यापाऱ्यानंच झाकण उघडलं. रोहूचे कल्ले उचलून पाहिले. लालभडक. तळाशी बर्फाचे तुकडेसुद्धा शिल्लक होते. त्यानं सगळी मासळी घेतली, एकही बाजूला टाकली नाही.

 घरी आल्यावर दादा वहिनीला म्हणाला, "कारखान्याचं ऱ्हाऊ दे. हितंच बरं हाय."

वहिनी चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसत राहिली. धूर कुठला, चूल तर अजून पेटवायची होती.