स्टेशनमास्तरचं मराठी

बाबा, काल तुमचा स्टेशनमास्तर पुन्हा भेटला. तोच टकला इटालियन नट, जो सौदीतल्या दम्मामच्या आपल्या घरात मराठी बोलायचा. आखाती युद्धाची चिन्हं दिसू लागली तसा तुमच्या प्लँटवरचा इटालियन इंजिनियर मायदेशी पळाला आणि जाताना व्हिडिओ कॅसेटींची पिशवी तुमच्या गळ्यात मारून गेला. सगळ्या त्या एकाच नटाच्या. गावच्या नाटकमंडळीतून निघालेला, सिनेमात वर्षानुवर्षं कुणाला तरी दार उघडून देणारा, पन्नाशी उलटल्यावर पहिली मोठी भूमिका मिळालेला, आणि तरी दर हिवाळ्यात नाटकाकडे परतणारा. नाशिकची हौशी रंगभूमी सोडून इकाम्यावर, तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, दिवस काढणाऱ्या तुम्हाला एवढी कहाणी पुरेशी होती. "पन्नाशीला वेळ आहे अजून. परत गेलो की पुन्हा तोंडाला रंग लावणार," तुम्ही म्हणायचात, आणि आई भाजी चिरता चिरता मान हलवायची.

संध्याकाळी हल्ल्याचा भोंगा वाजतो. विषारी वायू आत येऊ नये म्हणून आई दाराखाली ओला टॉवेल कोंबते, खिडकीच्या चिकटपट्ट्या चाचपते. मी तिच्या ओढणीला धरून बसते. तुम्ही टीव्हीचा आवाज बंद करता आणि पडद्यावरच्या सगळ्यांच्या वतीने स्वतःच बोलू लागता. गाडी चुकलेली नायिका फलाटावर रडते आहे. तुमचा स्टेशनमास्तर म्हणतो, "रडू नका बाई, पुढची गाडी आहेच. तोवर चहा घ्या. साखर किती?"

"तुम्हाला इटालियन कधीपासून यायला लागलं?" आई विचारते.

"त्याला तरी मराठी कुठे येतं? चाललंय ना आमचं?"

आई हसते. तेवढ्यात लांब कुठेतरी काहीतरी फुटतं, तावदानं थरथरतात, आणि तुम्ही वाक्य अर्धवट सोडत नाही. मला भीती वाटायचीच, पण स्टेशनमास्तर पुढे काय म्हणतो हेही ऐकायचं असायचं.

तुम्ही पन्नाशीपर्यंत पोचलाच नाहीत. याचा मला अजून राग येतो. तुमचं शेवटचं नाटक त्या बंद खोलीत झालं, प्रेक्षक आम्ही दोघी.

काल तो सिनेमा सबटायटलसकट सापडला. बाबा, तुमचा स्टेशनमास्तर अख्ख्या सिनेमात एकच वाक्य बोलतो. "शेवटची गाडी गेली, बाई." बाकी सगळं तुमचं होतं, तो पाठमोरा असतानाही तुम्ही त्याला बोलतं ठेवलं होतंत.

आई शेजारीच बसली होती. आता तिला पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत. "काय म्हणतोय गं?" तिने विचारलं.

"पुढची गाडी आहेच म्हणतोय."

ती थोडी पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "आणि साखर नाही विचारली?"

"विचारली," मी म्हणाले. हे पत्र तिला तरी वाचून दाखवावं असं मनात होतं. आता तेही जमायचं नाही, स्टेशनमास्तरचं खरं वाक्य यात लिहून बसलेय.