घाबरलास की 'हो' म्हणतोस

धाकट्या,

तुला खटल्यासाठी परदेशाच्या ताब्यात द्यायचं, असं आज कोर्टानं ठरवलं. वकीलकाकांनीच फोन करून सांगितलं. बाबा ओरडले, "पोरानं केलं ते इथल्या खोलीत बसून ना? मग खटला इथेच चालवा!"

तिकडच्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये तू शिरलास, हे खरं. बाकीच्या आरोपांतलं सगळं दुसऱ्यांनी केलंय. पण तू घाबरलास की 'हो' म्हणतोस. मांजरानं दूध सांडलं तरी "हो, मीच!" आई म्हणायची, "याला दरडावलं तर चंद्रही चोरल्याचं कबूल करेल." इथल्या कोर्टात मी समोर बसून डोळे तरी वटारले असते.

तुरुंगात पत्रं आधी दुसरेच वाचतात, म्हणून हे पाठवत नाही. उद्या तुला विमानात बसवतील. तिकडे पहिलाच प्रश्न विचारतील, गुन्हा कबूल आहे का?

तुझीच,
ताई