भुशाखालचा बर्फ

प्रिय नाना,

आज लिहायला बसले ते एक खोटं बोलून आले म्हणून. खोटं तुमच्याबद्दलचं आहे, तेव्हा तुम्हालाच सांगायला हवं.

आपल्या इंदौरात बर्फावर परिषद भरली आहे! बाहेर एप्रिलचं ऊन, रस्त्याचं डांबर मऊ झालंय, आणि आत ठिकठिकाणची कॉलेजची मुलं थंड प्रदेशांच्या पर्यावरणावर पेपर वाचताहेत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय ग मनू, यांना बर्फासाठी इंदौरच मिळालं का?"

हॉलमधला एसी इतका जोरात होता की जेवणानंतर डोळे मिटायला लागले. अर्धवट झोपेत मला तुमच्या बर्फ कारखान्याचं ते जाड दार दिसलं. दार उघडलं की पांढरी वाफ जमिनीवरून वाहत यायची आणि तिच्यातून तुम्ही यायचात. आधी पाय, मग तपकिरी स्वेटर, सगळ्यात शेवटी हसू. भर उन्हाळ्यात काखेत स्वेटर मारून कामावर जाणारा गल्लीत एकच माणूस! शेजारी चिडवायचे, "नानाजी, शिमला चले क्या?" तुम्ही म्हणायचात, "हाँ भिया, शाम को लौट आऊँगा."

आठ वर्षांची असताना मी बर्फाच्या लादीवर मूठभर भुसा भिरकावला होता, आठवतं? मला वाटलं, मदत केली. तुम्ही ती लादी उन्हात ठेवलीत आणि मला शेजारी बसवलंत. जिथे भुसा चिकटला होता तिथे खड्डे पडले. "पातळ भुसा बर्फ खातो, जाड भुसा राखतो. टाकायचा तर वीतभर टाक, नाही तर हातच लावू नको."

हिमनदीवर तेच आहे हो, नाना! दगडमातीचा थर पातळ असला तर ऊन पिऊन बर्फ भराभर वितळवतो, जाड झाला की त्याचंच पांघरूण होतं. माझा सगळा पेपर यावर उभा आहे. आज वाचून झाल्यावर परीक्षक सरांनी विचारलं, "ये बात आपको पहली बार कहाँ सूझी?"

तुमचं नाव अगदी ओठांवर होतं. आणि मी म्हणाले, "फील्ड में, सर."

टाळ्या पडल्या. माझी मलाच शरम वाटली.

पण जित्याची खोड! हॉस्टेलात "वडील कोल्ड स्टोरेजच्या बिझनेसमध्ये आहेत" असं सांगणारीही मीच. तुम्ही भेटायला आलात तेव्हा मैत्रिणीनं विचारलं, आणि तुम्ही माझ्याकडे एकदा बघून म्हणालात, "हाँ बेटा, वही, बिझनेस." का सांभाळलंत माझं खोटं? तिथेच एक थोबाडीत का नाही दिलीत? तुमचंही चुकलंच थोडं.

पहिल्यांदा हिमनदीवर निघाले तेव्हा तुम्ही स्वेटर पुढे केलात. "ने ग, त्यालाही खरा बर्फ बघून येऊ दे." कोपर उसवलं होतं, मी नको म्हटलं. पुढच्या खेपेला मी वर असतानाच तुम्ही गेलात. निरोप दोन दिवसांनी पोचला. त्या सकाळी सगळीकडे दाट पांढरं धुकं होतं, आणि मी वेड्यासारखी बघत राहिले, आधी पाय दिसतील, मग स्वेटर.

उद्या समारोपात निवडलेल्या तिघांना पुन्हा पाच मिनिटं बोलायचंय. त्यांत मी आहे. स्वेटर कपाटातून काढलाय, कोपर शिवलंय. तो घालूनच उभी राहीन, आणि पहिलं वाक्य हेच असेल, की काल मी खोटं बोलले. ही गोष्ट मला माझ्या वडिलांनी शिकवली, ते याच गावात बर्फाच्या लाद्या ओढायचे. एवढ्या उन्हाळ्यात स्वेटर बघून लोक हसतील. हसू देत.

रोज संध्याकाळी परत यायचात ना तुम्ही? उद्या पाच मिनिटं या.

उद्यापर्यंतच खोटारडी,
तुमची मनू