मिठाचा पिवळा जाळ

माय, तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून वर्गात तुझ्यावर पोरांना हसवते. दरवर्षी, त्याच धड्याला. तेच तुला सांगायला बसलेय.

आपल्या दुबलगुंडीच्या घरातला पंपाचा स्टो आठवतोय ना? गल्लीतला पहिला. चुलीच्या जाळात मिठाचा रंग मिसळून जायचा, कुणाला कळायचाही नाही. स्टोचा जाळ मात्र निळा. लेकरू किरकिर करायला लागलं, दूध टाकायला लागलं, की बाया त्याला कडेवर घेऊन तुझ्याकडं यायच्या. तू मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन लेकरावरून उतरवायचीस, काहीतरी पुटपुटायचीस आणि मूठ स्टोवर सोडायचीस. जाळ भपकन पिवळा. "बघ गं, किती लागली हुती!" आलेल्या बाईचा चेहरा सैल पडायचा. मग पदराला हात पुसत तू न चुकता म्हणायचीस, "नजर म्या काढली, ताप डागदर काढंल. सकाळच्या गाडीनं हुमनाबादला न्या." हे वाक्य माझ्या कानावरून शंभरदा गेलं असेल. त्यात काही ऐकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी कलबुर्गीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा नुकताच पाहिला होता आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊन सुट्टीला आले होते. दुपारची वेळ. पलीकडच्या आळीतली एक नवी सून तापलेलं लेकरू घेऊन दारात उभी आहे, मागं तिची सासू. तू मीठ हातात घेतलंस आणि मी मधे पडले. डब्यातलं, कुणावरूनही न उतरवलेलं मीठ घेतलं आणि स्टोवर टाकलं. जाळ पिवळा. परत टाकलं. परत पिवळा. "ह्या मिठाला कुनाची नजर लागली, मावशी?" मी म्हणाले. "सोडियम हाय ते. तापलं की पिवळाच उजेड देतंय. कुनावरनं उतरवा न्हाईतर नका उतरवू." आणि हसले. तुझ्या घरात, तुझ्या स्टोपाशी, दोन परक्या बायांसमोर.

सासू दाराकडं फिरली. "व्हय का? चल गं, समदं सोंग हाय." सून उंबरा ओलांडतानाही वळून तुझ्याकडंच बघत होती.

 तू स्टोची चावी फिरवून हवा सोडलीस आणि म्हणालीस, "वरन उतू गेलं तरी जाळ पिवळाच हुतंय. रोज सैपाक करायलेय मी, मला दिसत न्हाई व्हय?"

"मग कामून फसवायलीस लोकांला?"

"आता त्या सासवंला कोन सांगनार?" एवढंच म्हणालीस, पायात चपला सरकवल्यास आणि बाहेर गेलीस. मला वाटलं रागावलीस. मी ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवले. विज्ञानाचा विजय झाला होता ना! दुसऱ्या दिवशी मी कलबुर्गीची बस धरली. त्या लेकराचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

ते मला तुझ्या तेराव्याला कळलं. तीच सून आली होती, केस पिकायला लागलेली. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "अक्का, त्या दिशी तुमची माय आमच्या दारात यिऊन बसली. दवाखान्याला न्यायचं म्हनलं की आमची सासू नजर लागली म्हनायची, कुनाचं ऐकायची न्हाई. तुमच्या मायनं नजर काढली म्हनलं तरच सोडायची. त्या दिशी मायला म्हनली, तुझं सोंग तुझ्या लेकीनंच उघडं केलंय, ऊठ. माय उठली न्हाई. लेकराला गाडीत घातल्याबिगर उठनार न्हाई म्हनली. दिवस मावळस्तोर बसली." लेकरू वाचलं. आता ट्रॅक्टर चालवतोय म्हणाली.

गावातल्या बाया तुझ्याकडं यायच्या थांबल्या, तेव्हा मी पत्रातून तुझं अभिनंदन केलं होतं, की आता तुझ्यामागची कटकट गेली. आठवलं की अजून कान तापतात.

हे सगळं कळल्यावर तरी मी शहाणी व्हायला हवी होते. पण मी कलबुर्गीच्या कॉलेजात शिकवते आणि तुझी गोष्ट फार चालते. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लावते, समोर रेघांची काच धरते. एका इंचात पंधरा हजार रेघा. त्यांच्या फटींतून निघालेल्या उजेडाच्या लाटा ठरावीक कोनातच एकमेकींना साथ देतात, बाकी दिशांना एकमेकींना खोडून टाकतात, म्हणून रंग वेगळे होऊन दिसतात. आणि मग त्या एका पिवळ्याच्या दोन बारीक रेघा दिसतात, अगदी शेजारी-शेजारी. मी सांगते, तापल्यावर अणूतला इलेक्ट्रॉन वर चढतो आणि खाली येताना ठरलेलाच रंग देतो. सोडियम स्टोच्या जाळात टाका, नाहीतर सूर्यात शोधा, त्याची ओळख लपत नाही. आणि इथं पोरं पेंगायला लागली की कानडीत सुरू करते: एका गावात एक बाई होती, ती मिठानं तापलेल्या लेकरांची नजर काढायची. हशा पिकतो. त्या हशासाठी मी तुला तीस वर्षं 'एक बाई' केलं. दारात बसलेली तू त्या गोष्टीत कधीच आली नाहीस. ते सांगितलं तर हसायचं कुणाला, हे पोरांना लगेच कळलं असतं.

परवा तो धडा शेवटचा झाला. मार्चात मी निवृत्त होतेय. तास संपल्यावर हुमनाबादकडची एक मुलगी टेबलापाशी आली आणि आपल्या बोलीत म्हणाली, "मॅडम, त्या लेकराचं काय झालं मग?"

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"वाचलं," मी म्हणाले.

"आन् ती बाई? तुमची कोन लागायची?"

माय, दिवा अजून चालू होता. सगळी खोली पिवळी. तोंडापर्यंत आलं होतं.

"शेजारची होती," मी म्हणाले.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, हजेरीपटात घडी करून ठेवलंय. ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसते, मार्चपर्यंत रोज समोर असेल, कधीही सांगता येईल. आज तिचा नंबर पुकारला तेव्हा मी मान वर केली नाही.